पगारातली वजावट आणि विजेची मोटार



ऊस बिलाची पावती वाचायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. टन किती, दर किती, तोडणी-वाहतूक किती गेली, सोसायटीचे किती वळते झाले, ठेवीला किती लागले, हे आपण उभ्या-उभ्या सांगतो. एका ओळीत दहा रुपये इकडचे तिकडे झाले तरी शेतकी विभागाच्या खिडकीशी जाऊन विचारल्याशिवाय आपल्याला जेवण गोड लागत नाही. ही सवय चांगली आहे आणि ती सुटू नये.

आता आपल्या घरांत दुसरी एक पावती येऊ लागली आहे. ती म्हणजे मुला-मुलींचे पगारपत्रक. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा येथील कारखान्यांत, पुण्याच्या हिंजवडीत, बंगळुरात आपली पोरं नोकरीला लागली. औरंगपुऱ्यात खोली करून सरस्वती भुवनात शिकलेली कितीतरी मुले आज चांगल्या पगारावर आहेत. या पगारपत्रकावर हल्ली एक नवी ओळ दिसू लागली आहे : कंपनीमार्फत भाड्याने घेतलेल्या विजेच्या मोटारीची. मुलगा घरी सांगतो, "आबा, हप्ता नाही तो. पगारातूनच जातो. आणि करबी वाचतो." आबा ऐकून घेतात, मान हलवतात आणि आमच्याकडे येऊन विचारतात, "हे बरं का वाईट?"

हा प्रश्न बऱ्याच सभासदांकडून आला म्हणून या अंकात त्याचा उलगडा करीत आहोत. उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. ज्याचा पगार मोठा, त्याला ही योजना फायद्याची ठरू शकते. ज्याचा पगार बेताचा, त्याला ती नुसती महाग गाडी आहे. दोघांना मात्र एकाच तोंडाने "कर वाचतो" असे सांगितले जाते. गोम आहे ती इथेच.

योजना आहे तरी काय?

मोटार भाड्याने देणारी एक कंपनी असते. मुलगा जिथे नोकरी करतो ती कंपनी तिच्याकडून तीन, चार किंवा पाच वर्षांच्या कराराने मोटार घेते आणि मुलाला वापरायला देते. विमा, सर्व्हिसिंग, टायर वगैरे बहुधा त्याच भाड्यात धरलेले असते. हे भाडे मालक कंपनी भरते आणि तेवढी रक्कम मुलाच्या ठरलेल्या वार्षिक पगारातून कमी करते. म्हणजे मुलाने पगाराचा एक भाग सोडला आणि त्याबदल्यात गाडी वापरायला घेतली. मुदत संपली की गाडी परत द्यायची, नाहीतर करारात ठरलेली उरलेली किंमत भरून आपल्या नावावर करून घ्यायची.

पूर्वी अशी गाडी फक्त मोठ्या साहेबांना मिळे. आता पगारदारांतील बऱ्याच जणांना ती देऊ करतात आणि त्यात विजेची मोटार पुढे केली जाते. त्याला कारणही आहे. विजेच्या वाहनांवरचा वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पेट्रोलच्या लहान मोटारीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आणि मोठ्या मोटारीला ४० टक्के कर आहे. म्हणजे खरेदीच्याच वेळी विजेच्या गाडीला मोठी सूट मिळते.

वजनातली वजावट आणि बिलातली कपात

आता मुद्द्याचे बोलू. आपल्याकडे रक्कम दोन जागी कमी होते. मोळीच्या बांधणीची किंवा यंत्राने तोडलेल्या उसातील पाचटाची वजावट वजनातच होते. ती वजा जाऊन जे टन उरतात त्यावर पुढचा सगळा हिशेब चालतो. सोसायटीचे कर्ज मात्र बिल तयार झाल्यावर, रुपयांतून कापले जाते. पहिलीला आपण वजावट म्हणतो, दुसरीला कपात. वजावट झाली की टनावर बेतलेले सगळेच कमी होते : पहिली उचल कमी, शेवटचा हप्ता कमी, टनावर मिळणारी सवलतीची साखर असेल तर तीही कमी. कपातीत तसे होत नाही. टन तेवढेच राहतात, फक्त हातात येणारे पैसे कमी होतात.

पगाराचेही असेच आहे. मुलाने बँकेचे कर्ज काढून गाडी घेतली तर आधी पूर्ण पगार मोजला जातो, त्यावर कर लागतो आणि उरलेल्यातून हप्ता जातो. ही झाली कपात. कंपनीच्या योजनेत मात्र भाडे आधीच पगारातून वजा होते आणि उरलेल्या पगारावर कर लागतो. ही झाली वजावट. कर कमी लागतो तो याच कारणाने. त्यात जादू काही नाही.

परंतु वजावट म्हटली की पगारावर बेतलेले इतर काही कमी होते का, हेही पाहिले पाहिजे. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी आणि ग्रॅच्युइटी ही मूळ पगार व महागाई भत्त्यावर मोजतात. भाडे जर विशेष भत्त्यातून वजा केले तर या दोन्हींना सहसा धक्का लागत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक कंपन्या तसेच करतात. पण मूळ पगारालाच हात लावला असेल तर म्हातारपणच्या पुंजीतून गाडी चालली आहे असे समजावे. म्हणून पहिला प्रश्न हा : "भाडे पगाराच्या कोणत्या ओळीतून जाते?"

कर वाचतो, पण कोणाचा?

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला कर पडत नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे पगार धरला तर पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य. आता सांगा, वाळूजच्या कारखान्यात महिना पन्नास हजार मिळवणाऱ्या पोराचे वर्षाचे उत्पन्न सहा लाख. त्याला करच नाही. जो कर नाही तो वाचणार कुठून? त्याच्या बाबतीत ही योजना म्हणजे नुसती भाड्याची मोटार. त्या भाड्यात भाडे-कंपनीचा नफा आहे, व्याज आहे, कागदपत्रांचा खर्च आहे, आणि समोरून येणारी सवलत काहीच नाही.

मोठ्या पगारवाल्याचे गणित निराळे. उदाहरणादाखल भाडे महिना ३० हजार धरू. वर्षाचे झाले ३ लाख ६० हजार. गाडी खासगी कामालाही वापरली जाते म्हणून प्राप्तिकर खाते त्या सोयीची काही किंमत धरून ती पगारात मिळवते. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांत, सगळा खर्च मालकाने केला तर, १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये आणि त्याहून मोठ्याला २,४०० रुपये अशी ही किंमत होती. चालक दिला तर ९०० रुपये वेगळे. महिना १,८०० धरले तर वर्षाचे २१,६०० झाले. ३ लाख ६० हजारांतून ते वजा जाता ३ लाख ३८ हजार ४०० रुपयांवरचा कर वाचला. ज्याचे करपात्र उत्पन्न नव्या पद्धतीत २४ लाखांच्या चांगलेच वर आहे त्याला उपकरासह ३१.२ टक्के कर लागतो. म्हणजे त्याचे वर्षाला सुमारे १ लाख ५ हजार ६०० रुपये, महिन्याला ८,८०० रुपये वाचले.

चार वर्षांचा हिशेब मांडू. दोघांनीही ४८ महिने तीस-तीस हजार दिले, म्हणजे १४ लाख ४० हजार. मोठ्या साहेबाचे करात ४ लाख २२ हजार वाचले, त्याला गाडी पडली सुमारे १० लाख १८ हजारांना. लहान पगारवाल्याला तीच गाडी पडली पुरती १४ लाख ४० हजारांना. एकच गाडी, एकच करार, आणि ज्याच्याकडे पैसा कमी त्याला ती सव्वाचार लाखांनी महाग! हा कोणाचा लबाडपणा नव्हे. कराच्या सवलतीची रचनाच तशी आहे. पण सही करणाराला ती ठाऊक पाहिजे.

यात दोन खबरदाऱ्या. एक, वर दिलेली १,८०० ची किंमत आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या नियमांतली आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्याचे नियमही वेगळे. सोयीची किंमत वाढली की बचत तेवढी घटते. तेव्हा चालू आकडा सनदी लेखापालाकडून लिहून घ्यावा. जुना नियम इंजिनाच्या लिटरवर बेतलेला होता आणि विजेच्या मोटारीला तर इंजिनच नसते, म्हणून कंपनीचा लेखा विभाग कोणता आकडा धरतो हेही विचारावे. दोन, विजेच्या गाडीच्या कर्जावरील दीड लाखापर्यंतच्या व्याजाची जी वजावट होती ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. तिचे नाव घेऊन कोणी नवीन गाडी गळ्यात मारू लागला तर त्याला ही तारीख दाखवावी.

आणि आपण स्वतः? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. म्हणून ज्याची सगळी कमाई उसाची, त्याला या योजनेशी देणे-घेणे नाही. मुलाच्या गाडीसाठी बाप जामीन राहतो किंवा ऊस बिलातून भर घालतो, तेव्हा करातली बचत मुलाच्या खाती पडते आणि बोजा बापाच्या. हेही घरात बसून मोकळेपणाने बोलावे.

मक्त्याची जमीन आणि भाड्याची मोटार

मक्त्याने जमीन केली तर पीक आपले, जमीन मालकाची. दहा वर्षे मक्ता भरला तरी सातबाऱ्यावर आपले नाव चढत नाही. भाड्याची मोटार तशीच. दारात उभी असते, शेजारीपाजारी पाहतात, सोयरे कौतुक करतात. पण मालकी करारातल्या कंपनीची. त्यात वाईट काही नाही. ज्याला चार वर्षांनी गाडी बदलायचीच आहे, ज्याला जुनी गाडी विकायची कटकट नको, त्याला हे सोयीचे पडते. विजेच्या गाडीत तर बॅटरीची धास्ती असते. आठ-दहा वर्षांनी बॅटरीचे काय होईल, जुन्या गाडीला काय किंमत येईल, हा धोका भाड्याच्या करारात भाडे-कंपनीच्या माथी राहतो. ही या योजनेची खरी जमेची बाजू आहे आणि ती कबूल केली पाहिजे.

उलट बाजू अशी की मक्तेदाराला शेत मध्येच सोडता येत नाही. मुलाने नोकरी बदलली तर काय? बहुतेक करारांत गाडी मुदतीआधी परत केली तर दंडाची रक्कम भरावी लागते, किंवा उरलेली किंमत देऊन गाडी घ्यावी लागते. नवीन कंपनी तो करार घेईलच असे नाही. आजकालची पोरं दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात. कामावरून कमी केले तर पगार बंद आणि वर दंड उभा. तेव्हा "नोकरी सुटली तर किती भरायचे?" या प्रश्नाचे उत्तर रुपयांत आणि लेखी असावे. तोंडी "काळजी करू नका" म्हणणाऱ्याची काळजी अधिक करावी.

औरंगपुऱ्यात गाडी लावायची कुठे?

कागदावरचे गणित जमले तरी रस्त्यावरचे उरते. आपल्यापैकी ज्यांना जिल्हा परिषदेच्या कामानिमित्त किंवा भाजी मंडईत औरंगपुऱ्यात जावे लागते त्यांना तिथली गर्दी ठाऊक आहे. गुलमंडीकडून पैठण गेटकडे जाताना दुचाकी लावायला जागा सापडली तरी नशीब. त्या भागात खोली करून राहणाऱ्या मुलाने विजेची मोटार घेतली तर ती रात्री चार्ज करायची कोठे? जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडून मोटार चार्ज करणे म्हणजे आगीला आवतण आहे. त्यासाठी वेगळी, योग्य जाडीची लाइन, चांगले अर्थिंग आणि स्वतःची हक्काची जागा लागते. भाड्याच्या घरात घरमालकाची लेखी परवानगी लागते.

घरी चार्जिंगची सोय असेल तर विजेची गाडी चालवायला स्वस्त, यात शंका नाही. शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा युनिट लागतात असे धरू आणि युनिटला दहा रुपये धरू. दीडशे-एकशेसाठ रुपये झाले. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल मोटारीला तेवढ्यालाच पावणेसात लिटर लागतात, म्हणजे शंभराच्या दराने पावणेसातशे रुपये. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पाच हजार वाचतात. पण रस्त्यावरच्या जलद चार्जिंग केंद्रावर युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त पडतो. रोज तिथेच उभे राहावे लागले तर बचत निम्म्यावर येते आणि तासभर थांबण्यात वेळ जातो तो वेगळाच.

म्हणून आमचे म्हणणे असे : ज्याचे घर शेंद्र्याकडे किंवा सिडकोत, अंगणात गाडी उभी राहते आणि रोजचे जाणे-येणे चाळीस-पन्नास किलोमीटर, त्याला विजेची गाडी शोभते. औरंगपुऱ्याच्या बोळात राहून महिन्यातून दोनदा गावी येणाऱ्याला ती गळ्यातली धोंड होईल. त्याला एस.टी. बरी.

याच शहराचा एक धडा

मोटारी आणि सवलती यांची गोष्ट निघाली की छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचा, एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातील उद्योजक-व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांचा तो सौदा देशभर गाजला. त्यातले सुमारे ४४ कोटी रुपये स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने कर्जाऊ दिले. त्याच डिसेंबरात पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' या दैनिकात लिहिले की, या मोटारींना ७ टक्के आणि त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला १२ टक्के. ट्रॅक्टर ज्यांनी कर्जावर घेतला त्यांना हे वाचून काय वाटले असेल ते आम्ही सांगायला नको.

पण या प्रसंगात दोन धडे आहेत. पहिला कडू : जो आधीच भरल्या घरचा, त्यालाच स्वस्त पैसा आणि सवलत मिळते. आज करातल्या वजावटीचेही तेच चालले आहे. दुसरा धडा मात्र आपल्या कामाचा. दीडशे जण एकत्र गेले म्हणून मोटार कंपनी आणि बँक दोघांनाही नमते घ्यावे लागले. एकेकट्याला तो दर मिळाला नसता. पुढे २०२१-२२ मध्ये याच शहरातील उद्योजकांनी 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी' या नावाने विजेच्या गाड्या एकगठ्ठा घेण्याची मोहीम काढली, तीही याच वाटेने. एकत्र येऊन भाव पाडणे ही काही श्रीमंतांची मिरास नाही. प्रवरानगरला १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच बळावर.

परदेशात काय चालते

ब्रिटनमध्ये पगाराच्या बदल्यात विजेची मोटार देण्याची ही पद्धत फार पसरली आहे. तिथे नोकरीला असलेली मराठी कुटुंबेही ती वापरतात. मालकाने दिलेल्या गाडीवर तिथे किमतीच्या टक्क्यांनी कर लावतात. विजेच्या गाडीला २०२०-२१ साली तो शून्य होता, २०२२ ते २०२५ पर्यंत २ टक्के आणि २०२५-२६ मध्ये ३ टक्के झाला. पेट्रोलच्या मोटारीला तो ३७ टक्क्यांपर्यंत जातो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२२ पासून ठरावीक किमतीखालच्या विजेच्या मोटारींना असा कर माफ केला.

ब्रिटनचा एक नियम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पगार सोडून गाडी घेतल्यामुळे हातातला पगार कायद्याच्या किमान वेतनाखाली जाता कामा नये. म्हणून कमी पगारवाल्याला तिथे ही गाडी मिळतच नाही. म्हणजे सवलत त्याच्या वाट्याला येत नाही, पण तो फसतही नाही. आपल्याकडे हा विचार ज्याचा त्याने करायचा आहे.

आपली जुनी वाट : पतसंस्था

पगारातून कापून वाहन घेणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था हे काम कितीतरी वर्षे करीत आल्या आहेत. शिक्षकाची पहिली सायकल, कामगाराची पहिली स्कूटर, मुलीचे लग्न, घरावरचे पत्रे, यातले बरेच पतसंस्थेच्या कर्जावर झाले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या ४९ व्या कलमाने सभासदाने लिहून दिल्यास मालकाने त्याच्या पगारातून संस्थेची रक्कम कापून ती संस्थेकडे भरायची असते. त्या काळच्या १९३६ च्या वेतन कायद्यात एकूण कपातीला ५० टक्क्यांची मर्यादा होती. सहकारी संस्थेचे देणे असेल तर ७५ टक्क्यांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत एकूण कपात ५० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही असे आहे.

पतसंस्थेच्या वाटेने कर वाचत नाही, हे खरे. पण ज्याला करच नाही त्याचे त्यात काय गेले? उलट गाडी पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर, व्याज ठरलेले, संस्थेच्या नफ्यातून लाभांश परत त्याच्याच हाती आणि अडचण आली तर संचालक मंडळ ओळखीचे. भाडे-कंपनीच्या दूरध्वनीवर "आपला कॉल महत्त्वाचा आहे" एवढेच ऐकू येते.

आपल्या कारखान्याच्या बाबतीत इथे एक सूचना मांडतो. हंगामात आणि हंगामाआधी लागणीच्या नोंदी, तोडीच्या चिठ्ठ्या आणि प्लॉटची पाहणी यासाठी चिटबॉय व शेतकी कर्मचारी गावोगाव दुचाकीने फिरतात. त्यांचे पेट्रोल हा मोठा खर्च आहे. त्यांच्या पगारात प्राप्तिकर वाचवायला जागा नाही, मोटारीची तर गरजच नाही. पण पन्नास-शंभर जणांनी मिळून विजेच्या दुचाकींचा भाव एकत्र मागितला, कर्ज पतसंस्थेचे आणि कपात पगारातून अशी व्यवस्था बसवली, आणि चार्जिंगची सोय गट कार्यालयांवर झाली, तर गाडी त्यांच्या नावावर राहील आणि महिन्याचे पेट्रोल वाचेल. याचा विचार कामगार, पतसंस्था आणि व्यवस्थापन या तिघांनी बसून करावा.

उसाचे काय?

काही सभासद विचारतात, "आमच्या उसाचं इथेनॉल पेट्रोलात जातं. विजेच्या गाड्या वाढल्या तर आमचं काय?" प्रश्न रास्त आहे. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले आणि त्याचा आधार साखर उद्योगाला झाला. पण आपण वीजही पिकवतो, हे विसरू नये. एक टन उसातून सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. चांगल्या दाबाच्या बॉयलरवर सहवीजनिर्मिती केली तर कारखान्याची गरज भागून टनामागे शंभराच्या आसपास युनिट वीज बाहेर देता येते. एकरी ४० टन धरले तर एका एकराच्या बगॅसमधून चार हजार युनिट होतात. युनिटला सहा किलोमीटर या हिशेबाने मोटार चोवीस हजार किलोमीटर चालते. तेव्हा विजेची मोटार ही उसाची वैरीण नाही. विजेला भाव किती मिळतो, हा आपला खरा झगडा आहे.

शिवाय हा उद्योग आपल्या शिवारातच येत आहे. पैठण तालुक्यातील बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत टोयोटा-किर्लोस्कर कंपनीने कारखाना काढण्याचा करार जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी केला. विजेच्या दुचाकी बनविणाऱ्या एथर कंपनीनेही त्याच वर्षी तीच जागा निवडली. कालपर्यंत जायकवाडीच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या घरांतली मुले उद्या या गाड्या बनवतील. पगारपत्रक वाचायला त्यांना आतापासूनच शिकवू.

सही करण्यापूर्वी

मुलाने किंवा मुलीने करारावर सही करण्यापूर्वी पुढील सात प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्यावीत.

१. माझे करपात्र उत्पन्न किती आणि मला मुळात कर किती लागतो? शून्य लागत असेल तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

२. भाडे मूळ पगारातून जाते की भत्त्यातून? भविष्य निर्वाह निधी कमी होतो का?

३. गाडीच्या सोयीची किंमत म्हणून पगारात महिना किती मिळवणार?

४. विमा, सर्व्हिसिंग, टायर, अपघातातील आपला हिस्सा, यातले भाड्यात काय आणि बाहेर काय?

५. वर्षाला किती किलोमीटरची मुभा आहे आणि त्यावर गेल्यास किती आकार?

६. नोकरी सुटली, बदलली किंवा दीर्घ रजा घ्यावी लागली तर किती भरायचे?

७. मुदत संपल्यावर गाडी घ्यायची झाल्यास किंमत किती, आणि ती आजच लिहून देता का?

या सातही उत्तरांची बेरीज करावी आणि तीच गाडी कर्जाने घेतली तर एकूण किती पडते ते शेजारी मांडावे. कर्जाच्या बाजूला शेवटी गाडीची जुनी किंमत आपल्या हाती उरते, ती वजा करायला विसरू नये. दोन आकडे समोरासमोर आले की कोणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही. मधल्या पगारवाल्यांनी, म्हणजे वर्षाला तेरा ते चोवीस लाखांच्या दरम्यान असलेल्यांनी, ही मांडणी लेखापालाकडून करून घ्यावी. त्यांच्या बाबतीत थोड्या फरकाने नफ्याचा तोटा होतो.

गाडी घेऊ नका असे आमचे म्हणणे नाही. आपल्या पोरांनी चांगल्या गाडीत बसावे, धूर कमी व्हावा, हे कोणाला नको आहे? पण वजनकाट्यावर टन मोजून घेणारा आपला सभासद पगाराच्या काट्यावर मात्र डोळे मिटून उभा राहिला, असे होऊ नये. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आता अंथरूण भाड्याचे मिळू लागले आहे, एवढेच. तेव्हा येत्या सणाला मुले गावी आली की ऊस बिलाची पावती आणि त्यांचे पगारपत्रक शेजारी-शेजारी ठेवा आणि दोन्ही ओळीने वाचा. ज्या घरात हिशेब मोठ्याने वाचला जातो, त्या घराला कर्ज सहसा बुडवीत नाही.